बर्फाखालची टेकडी: कोरलेली, रचलेली की उरलेली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्फ खडकापेक्षा कितीतरी मऊ असतो, तर हिमनदी खडकाच्या टेकड्या कशी कोरते? आणि जी हिमनदी वाटेतले सगळे खरवडून नेते, तिच्याच तळाशी अंड्याच्या आकाराच्या मातीच्या टेकड्या रांगेने कशा उभ्या राहतात, त्या पुसल्या का जात नाहीत? सोबत आपण समोच्च रेषांच्या नकाशाचा एक तुकडा जोडला आहे आणि बर्फ कोणत्या बाजूने आला असावा, असेही विचारले आहे. नकाशाकडे शेवटी येतो, कारण तळाशी काय घडते हे कळल्याखेरीज त्याचे उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

हिमनद्यांनी सोडलेल्या भूरूपांचे नकाशे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या काळात एक गोष्ट पक्की झाली आहे: आपले दोन प्रश्न वेगळे नाहीत. हिमनदी शेकडो मीटर जाड असली, तरी टेकडीचे भवितव्य बर्फाच्या तळाचा एखादा मीटर आणि त्याखालची काही मीटर जमीन एवढ्या पट्ट्यातच ठरते. तिथले तापमान, तिथल्या पाण्याचा दाब आणि खाली कठीण खडक आहे की सैल गाळ, या तीन गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते. त्यामुळे ‘हिमनदी टेकडी कोरते की रचते?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, आणि जे उत्तर मी देणार आहे त्यात ‘हे परिस्थितीवर अवलंबून आहे’ असे अनेकदा म्हणावे लागेल.

कठीणपणाची शंका आधी दूर करतो. वितळणबिंदूजवळच्या बर्फाचा कठीणपणा खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या एक ते दहाच्या मोह्स मोजपट्टीवर जेमतेम दीड भरतो, तर ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या खनिजाचा सात. स्वच्छ बर्फ ग्रॅनाइटवरून हजारो वर्षे घसरत राहिला, तरी त्यावर दिसण्याजोगा ओरखडा उठणार नाही. पण हिमनदीचा तळ स्वच्छ नसतो. वाळूच्या कणापासून मोठ्या धोंड्यापर्यंतचे दगड त्यात रुतलेले असतात. खडकाला खडकच घासतो. बर्फ फक्त त्याला धरून ठेवतो आणि पुढे ओढतो. लाकूड घासणाऱ्या पॉलिश-कागदात झीज कागद करत नाही, त्यावर चिकटलेले कण करतात, तसेच हे आहे. या घासण्यातून खडकावर समांतर चरे पडतात आणि खडकाचे पीठ तयार होते. हिमनदीतून बाहेर पडणारे पाणी दुधाळ दिसते ते या पिठामुळे, आणि ते सरोवरात तरंगत राहिले की पाण्याला तो प्रसिद्ध निळसर हिरवा रंग येतो. क्षेत्रकामात या पिठाची ओळख पटवण्याची जुनी रीत म्हणजे चिमूटभर दातांखाली धरणे: चिकणमाती गुळगुळीत लागते, हे पीठ करकरते.

मात्र दगड ओढायचा तर तळ घसरायला हवा, आणि तळ घसरण्यासाठी तो वितळणबिंदूवर असायला हवा. दाबाखाली बर्फ शून्य अंशाच्या किंचित खालीच वितळतो. दर किलोमीटर जाडीमागे हा फरक एका अंशाहूनही थोडा कमी असतो. फरक लहान वाटला, तरी पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता आणि घर्षणाची उष्णता यांची त्यात भर पडली की जाड बर्फाचा तळ पुष्कळदा ओला राहतो. ज्या हिमनदीचा तळ खडकाशी गोठून बसलेला असतो, ती आतल्या आत विरूप होत, म्हणजे आपला आकार बदलत, पुढे सरकते. तळाशी घसरण जवळजवळ नसते. कॅनडातल्या बॅफिन बेटावर अशा गोठलेल्या तळाच्या पातळ हिमटोप्या मागे हटल्यावर शेकडो वर्षांपूर्वी गाडले गेलेले शेवाळ जागच्या जागी, मुळाशी न हलता, उघडे पडले आहे. बर्फाच्या ओझ्याखाली शेवाळसुद्धा टिकते, हे ऐकून ‘हिमनदी सगळे खरवडते’ हे गृहीतक आपण बाजूला ठेवाल, अशी आशा आहे. झिजेच्या वेगातही हाच फरक दिसतो: ध्रुवीय प्रदेशांत तो वर्षाला एक शतांश मिलिमीटरच्या आसपास असतो, तर आग्नेय अलास्कातल्या वेगवान, ओल्या तळाच्या हिमनद्यांखाली तो दहा मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो. म्हणजे हजारपटीचे अंतर.

आता पाण्याचा दाब. या विषयात सर्वाधिक गैरसमज इथेच होतात, म्हणून थोडे थांबतो. एक किलोमीटर जाड बर्फ तळावर सुमारे नव्वद वातावरणांएवढा दाब देतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब). पण तळाशी साचलेले पाणीही वर ढकलत असते. बर्फाला तळापर्यंत भोक पाडले, तर पाणी त्या भोकात बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांशाजवळ चढलेले आढळणे नवलाचे नाही, आणि तसे असेल तर बर्फ जवळपास तरंगण्याच्या बेतात असतो. तळाला प्रत्यक्षात जाणवणारा दाब म्हणजे या दोहोंची वजाबाकी. पाण्याने नव्वदपैकी पंच्याऐंशी वातावरणे उचलून धरली, तर जमिनीच्या वाट्याला पाचच उरतात. हा उरलेला दाब एका उन्हाळी दिवसातही वरखाली होतो, कारण पृष्ठभागावरचे वितळलेले पाणी भेगांतून खाली पोहोचते. पुढे जे सांगणार आहे, त्या प्रत्येक प्रक्रियेच्या मुळाशी ही वजाबाकी आहे.

खडकाळ तळापासून सुरुवात करू. वाटेत उंचवटा आला की बर्फ तो दोन प्रकारे ओलांडतो, आणि हे गणित हिमनद्यांचे अभ्यासक योहान्नेस वेर्टमन यांनी १९५७ साली मांडले. लहान अडथळ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे बर्फ येतो त्या बाजूला, दाब वाढून बर्फ वितळतो, पाणी वळसा घालून खालच्या, म्हणजे बर्फ जातो त्या, बाजूला जाते आणि तिथे दाब कमी असल्याने पुन्हा गोठते. मोठ्या अडथळ्याभोवती बर्फ स्वतःच विरूप होऊन वाहतो. मधल्या आकाराच्या अडथळ्यांना मात्र यांपैकी कोणतीच युक्ती नीट लागू पडत नाही. बर्फाला सर्वाधिक विरोध तेच करतात आणि त्यामुळे घासलेही तेच जास्त जातात. बर्फाने झिजवलेले खडक लहानसहान खडबडीतपणा गमावून मोठ्या, सौम्य लाटांसारखे का दिसतात, याचे एक कारण यात आहे.

जाड बर्फ दगडाला जास्त जोराने दाबतो आणि म्हणून जास्त घासतो, असे अनेक पाठ्यपुस्तकांत अजून वाचायला मिळते. हिमनद्यांचेच अभ्यासक बर्नार्ड हॅलेट यांनी १९७९ मध्ये या समजुतीला धक्का दिला. बर्फात पूर्णपणे वेढलेल्या दगडावर बर्फ सर्व बाजूंनी दाब देतो, त्यामुळे केवळ जाडीचे वजन दगडाला खाली रेटत नाही. तळाचा बर्फ वितळत जाऊन दगड खाली सरकत राहिला, तर खरा रेटा निर्माण होतो. माझे मत या युक्तिवादाच्या बाजूने झुकते, पण तो सर्वत्र लागू आहे असे मी म्हणणार नाही. दगडांची गर्दी झाली, की ते एकमेकांना टेकून वेगळे वागू लागतात. नॉर्वेतल्या एंगाब्रीन हिमनदीखाली खडकात खोदलेल्या बोगद्यांतून सुमारे दोनशे मीटर बर्फाच्या तळाशी थेट पोहोचता येते. तिथल्या मोजमापांत घर्षण अपेक्षेहून बरेच जास्त आढळले.

घासण्याने खडक गुळगुळीत होतो, पण टेकडीचा आकार मुख्यतः उखडण्याने बदलतो. उंचवट्याच्या खालच्या बाजूला वेगाने सरकणारा बर्फ खडकाला टेकत नाही, तिथे पोकळी राहते आणि ती पाण्याने भरते. पाण्याचा दाब जास्त असताना पोकळी मोठी होते आणि बर्फाचा भार पायरीच्या कडेवर एकवटतो. मग पाण्याचा दाब झपाट्याने उतरला, की त्या कडेवरचा ताण एकदम वाढतो आणि खडकातली जुनी फट थोडी पुढे सरकते. असे शेकडो वेळा झाल्यावर ठोकळा सुटतो आणि बर्फ तो ओढून नेतो. वरच्या बाजूला घासून गुळगुळीत उतार आणि खालच्या बाजूला तुटका, पायऱ्यापायऱ्यांचा कडा, अशी जी टेकडी उरते तिला आपल्या पाठ्यपुस्तकांत मेषशिला म्हणतात. (स्विस निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी अठराव्या शतकात हे फ्रेंच नाव दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चरणारी मेंढरे नव्हती, तर मेंढीच्या चरबीने चोपडून बसवलेले त्या काळचे कुरळे केसांचे टोप होते. मराठी प्रतिशब्दात टोप हरवला आणि मेंढी राहिली.)

इथे खडकाच्या जातीपेक्षा त्यातल्या फटींना अधिक महत्त्व आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी भागात हे फार स्पष्ट दिसते: जिथे ग्रॅनाइटमध्ये फटी दाट होत्या, तिथे बर्फाने ठोकळे उचलून दऱ्या खोल केल्या, जिथे फटी विरळ होत्या, तिथे तोच ग्रॅनाइट घुमटासारखा मागे राहिला. तिथला लेम्बर्ट डोम ही भव्य आकाराची मेषशिला आहे. तेव्हा ‘हिमनदीने ही टेकडी कोरली’ असे म्हणताना मी नेहमी थोडा अडखळतो. कित्येकदा हिमनदीने आजूबाजूचे नेले आणि टेकडी उरली, एवढेच घडलेले असते. म्हणून खडकाळ टेकडीवर पोहोचल्यावर मी आधी फटींची दिशा आणि त्यांतले अंतर मोजतो, चरे त्यानंतर.

आता आपल्या प्रश्नाचा अधिक अवघड भाग, म्हणजे मातीच्या टेकड्या. पाठ्यपुस्तकांत त्यांना हिमोढगिरी म्हणतात; अभ्यासक बोलताना ड्रमलिन म्हणतात, आणि हा शब्द आयरिश भाषेतल्या ‘लहान कणा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्या टिल नावाच्या गाळाच्या असतात, असे सहसा सांगितले जाते. टिल म्हणजे बर्फाने आणलेले न निवडलेले मिश्रण, ज्यात पीठ, वाळू, गोटे आणि धोंडे एकत्र असतात. हे वर्णन अर्धेच खरे आहे. मी पाहिलेल्या छेदांपैकी, म्हणजे आतले थर दाखवणाऱ्या टेकड्यांच्या कापलेल्या बाजूंपैकी, काहींच्या गाभ्यात खडक होता, काहींच्या गाभ्यात वाहत्या पाण्याने थरांत लावलेली वाळू आणि गोटे होते, आणि टिलचे केवळ वरून पांघरूण होते. बाहेरून या सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात. ड्रमलिनच्या उत्पत्तीविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला, त्याचे एक कारण असे की प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या छेदावरून सगळ्यांसाठी सिद्धांत मांडला.

गाळाचा तळ खडकासारखा स्वस्थ बसत नाही, हे समजले की कोडे बरेच सुटते. १९८६ साली पश्चिम अंटार्क्टिकातल्या एका हिमप्रवाहाखाली (हिमप्रवाह म्हणजे विस्तीर्ण बर्फातला वेगाने वाहणारा पट्टा), सुमारे एक किलोमीटर बर्फाच्या तळाशी, काही मीटर जाडीचा पाण्याने भरलेला सैल गाळाचा थर असल्याचे भूकंपलहरींच्या मोजणीतून दिसले. पाण्याचा दाब इतका जास्त होता की गाळाचे कण एकमेकांवर जेमतेम टेकलेले होते, आणि असा गाळ अगदी थोड्या रेट्यानेही सरकू शकतो. भूशास्त्रज्ञ जेफ्री बोल्टन यांनी आइसलंडमध्ये हिमनदीच्या कडेजवळ तळाच्या टिलमध्ये खुणेच्या कांड्या रोवून पाहिल्या होत्या; तिथे बर्फाच्या पुढे सरकण्याचा बहुतांश भाग बर्फ घसरल्याने नव्हे, तर खालचा टिल विरूप झाल्याने घडत होता. म्हणजे अशा ठिकाणी हिमनदी जमिनीवरून चालत नाही, जमिनीचा वरचा थर सोबत घेऊन चालते.

आता अशा सरकत्या थरात गोट्यांचा एक ढीग आहे, असे समजा. गोट्यांतून पाणी सहज निचरून जाते, तिथला पाण्याचा दाब उतरतो, वर सांगितलेल्या वजाबाकीत जमिनीच्या वाट्याला अधिक भार येतो आणि तो ढीग कणखर होऊन जागी थांबतो. आजूबाजूचा ओला टिल त्याला वळसा घालून वाहतो, काही अंशी त्यावर चिकटतो आणि त्याला लांबट आकार देतो. टेकडी पुसली का जात नाही, या प्रश्नाचे हे पहिले उत्तर: कारण तिच्याखालची जमीन भोवतालपेक्षा घट्ट असते, आणि तिला घट्ट करणारा भारही बर्फाचाच असतो.

दुसरे उत्तर गाभा नसलेल्या टेकड्यांसाठी आहे. ओढ्याच्या तळाशी सपाट वाळूवर पाणी वाहू लागले की आपोआप लहरी उठतात. त्यासाठी आधी खडा असावा लागत नाही. सरकता बर्फ आणि सरकता गाळ यांच्या सीमेवरही असेच अस्थैर्य असते, असे गणिती प्रारूपे दाखवतात. एखादा नगण्य उंचवटा आला तरी त्याभोवती बर्फाचा दाब असमान होतो, त्यामुळे गाळाचा प्रवाह कुठे वाढतो, कुठे मंदावतो, आणि उंचवट्याकडे येणारा गाळ तिथून जाणाऱ्या गाळापेक्षा जास्त झाला की उंचवटा वाढतो. टेकड्या एकेकट्या न आढळता ठराविक अंतराने, हजारोंच्या संख्येने का आढळतात, याचे स्पष्टीकरण मला याच कल्पनेत सर्वांत पटण्याजोगे वाटते. प्रचंड जलप्रलयाने बर्फाच्या तळाला पोकळ्या पाडल्या आणि त्या गाळाने भरल्या, अशीही एक मांडणी १९८०च्या दशकात पुढे आली. काही स्थानिक छेदांना ती लागू पडू शकेल; सगळ्या प्रदेशांसाठी लागणारे पाणी आणायचे कुठून, या प्रश्नावर ती माझ्या मते अडते.

हे सारे केवळ तर्काचे राहिलेले नाही. अंटार्क्टिकातल्या रटफर्ड हिमप्रवाहाखाली, दोन किलोमीटरहून जाड बर्फाच्या तळाची भूकंपलहरींनी १९९१, १९९७ आणि २००४ मध्ये एकाच रेषेवर मोजणी झाली. पहिल्या दोन मोजण्यांच्या दरम्यान एका जागी वर्षाला सुमारे एक मीटर या वेगाने गाळ खरवडला गेला होता. तिसऱ्या मोजणीत तिथेच सुमारे १० मीटर उंच आणि १०० मीटर रुंद उंचवटा उभा होता. खरवडणे आणि रचणे एकाच जागी, एका पिढीच्याही आत. आइसलंडमधल्या मूलायोकुल हिमनदीच्या कडेला बर्फ मागे हटून शंभराहून अधिक ड्रमलिन उघडे पडले आहेत. ही हिमनदी अधूनमधून अचानक वेगाने पुढे धावते. तिथल्या छेदांत प्रत्येक धावेचा टिलचा थर वेगळा दिसतो, आणि जुने थर टेकडीच्या बाजूंना कापलेले आढळतात. माथ्यावर भर पडत गेली आणि दोन टेकड्यांमधली जागा खरवडली गेली. तेव्हा शीर्षकातल्या तीन पर्यायांपैकी एकच निवडा असा आग्रह कोणी धरला, तर या टेकड्यांपुढे तो टिकत नाही.

आकारमानाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: सुमारे ५९ हजार ड्रमलिनच्या एका मोजणीत सरासरी लांबी ६२९ मीटर आणि रुंदी २०९ मीटर भरली. बर्फाचा वेग जास्त असेल तिथे त्या अधिक लांबट होत जातात, आणि अतिवेगवान हिमप्रवाहांखाली तर कित्येक किलोमीटर लांबीच्या, सरीवरंब्यांसारख्या समांतर रेषा बनतात. पण केवळ लांबटपणावरून वेग काढू नये. बर्फ किती काळ वाहिला आणि गाळ किती उपलब्ध होता, यांचाही त्यात वाटा असतो. आपल्या नकाशात एक नागमोडी, अरुंद कणाही दिसतो. तो ड्रमलिन नसून बहुधा एस्कर, म्हणजे हिमोढकटक आहे: बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या पाण्याने टाकलेला वाळू-गोट्यांचा बांध. तो मध्येच चढावर गेलेला पाहून गोंधळू नये. बोगद्यातले पाणी दाबाखाली असते आणि ते जमिनीच्या उतारापेक्षा बर्फाच्या पृष्ठभागाच्या उताराला कितीतरी अधिक मानते.

आता दिशा. ड्रमलिनचे बोथट, चढे टोक साधारणपणे बर्फ आला त्या बाजूला आणि निमुळते टोक तो गेला त्या बाजूला असते. मेषशिलेत नेमके उलट: सौम्य, गुळगुळीत बाजू बर्फ आला तिकडे आणि चढा कडा तो गेला तिकडे. नकाशावर दोन्ही लांबट टेकड्याच दिसतात, त्यामुळे मातीची टेकडी आहे की खडकाची हे न पाहता दिशा ठरवली, तर बरोबर १८० अंशांची चूक होते. एडिनबरोचा किल्ला हा तिसरा प्रकार आहे: कठीण ज्वालामुखी खडकाचा सुळका पश्चिमेला आणि त्याच्या आडोशाने वाचलेली लांब शेपटी पूर्वेला, जिच्यावर जुन्या शहराचा मुख्य रस्ता आहे. तिथे बर्फ पश्चिमेकडून आला. शिवाय प्रत्यक्षात अनेक ड्रमलिन दोन्ही टोकांना जवळजवळ सारखे असतात, म्हणून एका टेकडीवर विसंबू नये. शंभरएक टेकड्यांचा कल पाहावा.

माझी स्वतःची एक चूक इथे नमूद करतो. सुरुवातीच्या काळात एका उघड्या खडकावरचे ठळक चरे पाहून मी एका संपूर्ण खोऱ्याची प्रवाहदिशा नकाशावर बाणांनी भरून टाकली. दोन हंगामांनंतर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, त्याच खडकावर पहिल्या चऱ्यांखालून वेगळ्या दिशेने जाणारे दुसरे, जुने, फिकट चरे दिसले. बर्फाने मधल्या काळात वाट बदलली होती आणि मी भरलेले बाण शेवटच्या अल्पकालीन टप्प्याचे होते. शिवाय चऱ्यांवरून रेषा कळते, पण ती कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे, हे त्यांवरून क्वचितच कळते. त्यासाठी जवळचा तुटका कडा शोधावा लागतो. तेव्हापासून मी खडक ओला करून, उन्हाच्या वेगवेगळ्या कोनांत पाहतो.

आपल्या नकाशातल्या टेकड्यांची बोथट टोके बहुतांशी वायव्येकडे आहेत. त्या मातीच्या असतील तर बर्फ वायव्येकडून आग्नेयेकडे गेला असण्याची शक्यता अधिक आहे. खडकाच्या असतील तर उलट. निर्णयासाठी एखाद्या टेकडीचा उघडा छेद हवा, म्हणजे रस्त्यासाठी कापलेली बाजू किंवा ओढ्याने खाल्लेला काठ. छेद टिलचा निघाला, तर त्यातल्या लांबट गोट्यांपैकी किमान पन्नासांच्या लांब अक्षाची दिशा आणि कल मोजावा. ते पुष्कळदा प्रवाहाला समांतर आणि बर्फ आला त्या बाजूला किंचित झुकलेले असतात. छायाचित्र काढताना प्रमाणासाठी हातोडी किंवा पट्टी ठेवावी, उत्तर दिशा लिहावी आणि माथ्याजवळच्या थरांबरोबर टेकडीच्या बाजूंवरचे थरही टिपावेत, कारण ते थर तिथे वाकून खाली उतरतात की एकाएकी कापलेले दिसतात, यावरूनच ती रचली गेली की उरली हे सांगता येईल.